खडतर जमिनीवरील फोर्कलिफ्ट : उचलक्षमतेबरोबर वळणक्षमताही तपासा

उत्तर भारतातील भात-गहू पीकपद्धतीत ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे हा अत्यंत धावपळीचा काळ असतो. भाताची कापणी संपते न संपते तोच गव्हाच्या पेरणीची वेळ येते आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत शेतातील पेंढा हलवावा लागतो. तो हलला नाही की पेटवला जातो आणि त्याचा धूर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रावर साचतो. पेंढा जाळू नये हे शेतकऱ्यास सांगणे सोपे आहे. परंतु पेंढा गोळा करणे, त्याच्या गाठी बांधणे, त्या उचलणे, वाहून नेणे व रचणे ही साखळी वेळेत पूर्ण झाली तरच तो सल्ला अमलात येतो. प्रस्तुत लेखात या साखळीतील एका दुर्लक्षित दुव्याचा, म्हणजे गाठी उचलून रचणाऱ्या यंत्राच्या वळणक्षमतेचा, विचार केला आहे.

पानिपत हे नाव मराठी वाचकांस १७६१ मुळे परिचित आहे. आज त्याच पानिपत परिसरात, म्हणजे राजधानी क्षेत्राच्या उत्तर भागात, इंडियन ऑइलचा दुसऱ्या पिढीचा इथेनॉल प्रकल्प उभा आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल तयार करणे हे या प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. एवढा पेंढा वर्षभर पुरवायचा, परंतु तो शेतात उपलब्ध असतो जेमतेम काही आठवडे. त्यामुळे साठवण केंद्रे अपरिहार्य ठरतात. केंद्र शासनाने २०२३ मध्ये पीक अवशेष व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या, तेव्हा पेंढा पुरवठा साखळीच्या प्रकल्पांना यंत्रसामग्रीसाठी साहाय्य देण्याचे ठरले. खर्चाचा ६५ टक्के वाटा शासनाचा, २५ टक्के उद्योगाचा आणि उर्वरित १० टक्के शेतकरी, शेतकरी गट किंवा ग्रामीण उद्योजकांचा, अशी ती विभागणी आहे. साहाय्यास पात्र यंत्रांच्या यादीत मोठे ट्रॅक्टर, बेलर व रेक यांच्या बरोबरीने लोडर, ग्रॅबर आणि टेलिहँडलर यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. उचल-यंत्राची निवड हा त्यामुळे शेतकरी गटांच्याही निर्णयाचा विषय झाला आहे.

भार नव्हे, आकारमान

यंत्र घेताना पहिला प्रश्न सहसा ‘किती टन उचलते?’ असा असतो. पेंढ्याच्या बाबतीत हा प्रश्न काहीसा फसवा आहे. गाठ बांधलेल्या पेंढ्याची घनता गणितासाठी दर घनमीटरला १५० किलो धरली, तर २,५०० किलो क्षमतेच्या यंत्रास पूर्ण भार देण्यासाठी सुमारे १७ घनमीटर पेंढा काट्यांवर रचावा लागेल. एवढा ढीग काट्यांवर मावणारच नाही. म्हणजे पेंढा हाताळताना उचलक्षमतेची मर्यादा क्वचितच गाठली जाते. प्रत्यक्ष मर्यादा येते ती भाराच्या आकाराची, रचण्याच्या उंचीची, चालकाच्या झाकल्या जाणाऱ्या दृष्टीची, जमिनीच्या अवस्थेची आणि वळण्यास उपलब्ध असलेल्या जागेची.

वळणाचा संबंध थेट वेळेशी आहे. वरील मार्गदर्शक सूचनांत साठवण केंद्राची क्षमता ४,५०० टन कल्पिलेली आहे. असे केंद्र ३० दिवसांत भरायचे तर दररोज १५० टन पेंढा उतरवून रचावा लागेल. एका फेरीत सरासरी ५०० किलो हलले असे मानले, तर दिवसाला ३०० फेऱ्या होतात. जागा अपुरी असल्याने प्रत्येक फेरीत यंत्रास एकदा जादा मागेपुढे करावे लागले आणि त्यात ३० सेकंद गेले, तर दिवसाचे अडीच तास निव्वळ वळण्यात खर्च होतात. हे उदाहरण हिशेबापुरते आहे. परंतु आपल्या केंद्राचे आकडे त्यात घालून कोणासही हा हिशेब करता येईल.

यंत्राची ओळख

गोदामातील साधी फोर्कलिफ्ट लहान, भरीव चाकांची आणि काँक्रीटच्या सपाट फरशीसाठी बनवलेली असते. शेताच्या कडेला किंवा मुरमाच्या आवारात ती रुतते अथवा कलंडते. खडतर जमिनीवरील फोर्कलिफ्टची चाके मोठी व हवेची असतात, तळ जमिनीपासून पुरेसा उंच असतो आणि बहुतेक यंत्रांत चारही चाकांना गती मिळण्याची सोय असते.

या यंत्राचे मूळ ट्रॅक्टरमध्येच आहे. फ्रान्समधील आँसनी येथे मार्सेल ब्रो यांनी ट्रॅक्टरवरील चालकाची बैठक उलट दिशेला वळवली आणि मोठ्या चालक-चाकांच्या बाजूस उचल-खांब, म्हणजे मास्ट, बसवला. १९५८ मध्ये यातूनच मनितू कंपनीची पहिली खडतर जमिनीवरील फोर्कलिफ्ट साकारली. ट्रॅक्टर उलटा फिरवल्यामुळे त्याची वळणारी लहान चाके मागे गेली. मागच्या चाकांनी वळणे हा या यंत्रांचा गुणधर्म अशा रीतीने त्यांच्या जन्मापासूनच चालत आला आहे.

टेलिहँडलर हा त्याच कुळातील पुढचा प्रकार होय. यात उभ्या मास्टऐवजी पुढे-वर सरकणारा दुर्बिणीसारखा बूम असतो. जेसीबी कंपनीने ‘लोडऑल’ हे यंत्र १९७७ मध्ये बाजारात आणले. राजधानी क्षेत्राचा या उद्योगाशी जवळचा संबंध आहे. जेसीबीचे भारतातील काम १९७९ मध्ये फरिदाबादजवळील बल्लभगड येथे सुरू झाले. फोर्कलिफ्ट व क्रेन बनवणारी अ‍ॅक्शन कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट ही कंपनी पलवल परिसरात आहे. मनितूने २०१७ मध्ये टेरेक्सचा ग्रेटर नोएडा येथील उद्योग ताब्यात घेतला. उद्योग इतका जवळ असूनही अनेक ग्रामीण आवारांत आजही ट्रॅक्टरचा फ्रंट लोडर, काटे जोडलेला बॅकहो लोडर किंवा ‘हायड्रा’ या नावाने ओळखली जाणारी क्रेन हीच साधने दिसतात. त्यांचा उपयोग निश्चितच आहे. मात्र हायड्राला टांगलेला भार वळणावर झुलतो आणि ट्रॅक्टरच्या लोडरवर पुढील हलक्या अ‍ॅक्सलला जादा भार पेलावा लागतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

वळण्याच्या पद्धती

*मागील चाकांनी वळणे :* उभ्या मास्टच्या यंत्रांत ही पद्धत सर्रास आढळते. यंत्र पुढील अ‍ॅक्सलच्या आसपास फिरते, त्यामुळे काटे गाठीसमोर अचूक आणता येतात. मात्र वळताना यंत्राची शेपटी बाहेरच्या बाजूस झेपावते. भिंत, विजेचा खांब किंवा उभा मनुष्य बाजूला असल्यास धोका संभवतो. आणखी एक मर्यादा अशी, की काट्यांवर जादा भार घेतल्यास मागील चाके हलकी होतात आणि सुकाणू सैल पडते. उलट रिकाम्या यंत्राचे वजन मागे एकवटते व चिखलात नेमकी वळणारी चाकेच रुततात.

*चारही चाकांनी वळणे :* पुढील चाके एका दिशेस आणि मागील चाके विरुद्ध दिशेस वळतात. वळण लहान होते. शिवाय मागील चाके जवळजवळ पुढील चाकांच्याच वाटेने जातात. ओल्या जमिनीत चारऐवजी दोनच चाकोऱ्या पडतात, रुतण्याचा विरोध घटतो आणि जमिनीची नासाडीही कमी होते.

*खेकडा चाल :* चारही चाके एकाच दिशेस वळवल्यास यंत्र आपले तोंड न फिरवता तिरके सरकते. भिंतीला किंवा थप्पीला खेटून उभे असलेले यंत्र शेपटी न आपटता बाहेर काढण्यासाठी, तसेच ट्रकच्या बाजूस समांतर सरकण्यासाठी ही चाल उपयोगी पडते.

*कमरेत वळणारी चौकट :* काही लोडरमध्ये चाके वळत नाहीत, यंत्राची चौकटच मध्यभागी दुमडते. मागील चाके पुढील चाकांचा माग धरतात, हा लाभ येथेही मिळतो. परंतु चौकट दुमडली की भाराचा मध्य एका बाजूस सरकतो. सरळ अवस्थेत सुरक्षितपणे उचललेला भार पूर्ण वळणावर असुरक्षित ठरू शकतो. म्हणूनच अशा यंत्रांची क्षमता सरळ व वळलेल्या अशा दोन्ही अवस्थांत पाहावी.

*स्किड स्टीअर :* डाव्या व उजव्या चाकांच्या वेगातील फरकाने हे यंत्र जागच्या जागी फिरते. अरुंद शेडमध्ये ते सोयीचे असले, तरी फिरताना चाके जमिनीवर घासतात. मुरमाचे आवार उखडते, शेतातील माती खरवडली जाते व टायर लवकर झिजतात.

चार चाकी वळणाच्या यंत्रात एका पद्धतीतून दुसरीत जाण्यापूर्वी सर्व चाके सरळ करून घेणे आवश्यक असते. तसे न केल्यास पुढील व मागील चाकांचा मेळ बिघडतो आणि यंत्र सरळ रेषेतही तिरके चालू लागते. चालकाच्या प्रशिक्षणात ही बाब प्रथम शिकवावी.

वळण-त्रिज्येचा ढोबळ हिशेब

माहितीपत्रकातील वळण-त्रिज्येचा आकडा समजून घेण्यासाठी साधे भूमितीचे सूत्र पुरते. फक्त एका अ‍ॅक्सलची चाके वळत असल्यास त्या अ‍ॅक्सलच्या मध्याची त्रिज्या म्हणजे दोन अ‍ॅक्सलमधील अंतर भागिले वळण-कोनाचे साइन गुणोत्तर. समजा, दोन अ‍ॅक्सलमध्ये २.८ मीटर अंतर आहे आणि चाके सरासरी ३५ अंशांनी वळतात. ३५ अंशांचे साइन ०.५७४ असते. म्हणून त्रिज्या सुमारे ४.९ मीटर येते. चारही चाके तितक्याच कोनातून विरुद्ध दिशांना वळल्यास वळणाचे केंद्र यंत्राच्या मध्यरेषेवर येते आणि त्रिज्या निम्मी, म्हणजे सुमारे २.४ मीटर, होते.

हा आकडा अ‍ॅक्सलच्या मध्यापुरताच आहे. प्रत्यक्ष लागणारी जागा त्याहून बरीच जास्त असते, कारण यंत्राची अर्धी रुंदी, पुढे आलेले काटे आणि काट्यांबाहेर डोकावणारी गाठ या साऱ्यांचा घेर त्यात मिळवावा लागतो. माहितीपत्रकात त्रिज्या चाकाच्या बाहेरील कडेपर्यंत दिली आहे की काट्यांच्या टोकापर्यंत, हे विक्रेत्यास विचारून लेखी घ्यावे. दोन कंपन्यांचे आकडे वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेले असतील तर त्यांची तुलना निरर्थक ठरते.

जमिनीवरील पकड

लहान त्रिज्या कागदावर असून भागत नाही. चाके घसरली तर सुकाणू वळते, यंत्र वळत नाही. यासाठी पुढील वैशिष्ट्ये पाहावीत.

चारही चाकांना मिळणारी गती ओल्या व भुसभुशीत जमिनीवर आवश्यक ठरते. एक चाक जागीच फिरू लागल्यास डिफरन्शिअल लॉकमुळे दुसऱ्या चाकासही ओढ मिळते. मात्र लॉक लावलेल्या स्थितीत दोन्ही चाके एकाच वेगाने फिरत असल्याने यंत्र वळण्यास विरोध करते. लॉकचा उपयोग सरळ बाहेर पडण्यासाठी करावा आणि वळणाआधी तो सोडावा.

बांध, नांगरटीचे ढेकूळ किंवा ट्रकच्या चाकोऱ्या ओलांडताना चारही चाके जमिनीस टेकून राहावीत, म्हणून एक अ‍ॅक्सल मध्यबिंदूवर झुलता ठेवलेला असतो. झुलत्या अ‍ॅक्सलमुळे पकड टिकते, पण त्याची किंमत स्थैर्यात मोजावी लागते. अ‍ॅक्सल झुलण्याच्या मर्यादेपर्यंत तो यंत्रास कलण्यापासून रोखत नाही. त्यामुळे चार चाके असूनही यंत्राचा आधार तीन बिंदूंवर, म्हणजे दोन स्थिर चाके व झुलत्या अ‍ॅक्सलचा मध्य यांच्या त्रिकोणावर, असतो. भारासह एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला की यंत्र कलंडते. काही टेलिहँडलरमध्ये बूम ठरावीक उंचीपलीकडे गेल्यावर हा अ‍ॅक्सल आपोआप जखडला जातो, तर काहींत उतारावर चौकट समपातळीत आणण्याची सोय असते. ही सोय भार वर नेण्यापूर्वी वापरायची असते, भार उंचावर असताना नव्हे.

टायरमधील हवा कमी केल्यास मऊ जमिनीवरील दाब घटतो. परंतु यंत्र बाजूस अधिक डोलते. एका बाजूचा टायर नरम असेल तर सपाट जमिनीवरही यंत्र उतारावर असल्यासारखे कलते. निर्मात्याने सांगितलेला दाब दररोज सकाळी तपासणे हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते टाळण्यास कोणतेही कारण पुरेसे नाही.

लहान वळण आणि वाढता धोका

चार चाकी वळणाचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वेग तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली की यंत्रास बाजूस लोटणारा जोर दुप्पट होतो. वरील उदाहरणात ताशी १० किमी वेगाने ४.९ मीटर त्रिज्येचे वळण घेतल्यास हा जोर एकूण वजनाच्या सुमारे १६ टक्के येतो. त्याच वेगाने २.४ मीटरचे वळण घेतल्यास तो सुमारे ३२ टक्के होतो. म्हणजे सपाट जमिनीवर असूनही यंत्र जणू १८ अंशांच्या आडव्या उतारावर उभे आहे. वेग ताशी ५ किमीवर आणल्यास तेच लहान वळण फक्त ८ टक्के जोर निर्माण करते. वेग निम्मा, तर जोर चौथाईवर येतो. दुचाकीसारखे आत झुकून तोल सावरण्याची सोय या यंत्रात नाही. चालकाच्या हाती एकच उपाय असतो, तो म्हणजे वळणाआधी वेग कमी करणे.

उंचीचा परिणामही असाच आहे. जमीन आडवी केवळ ५ अंशांनी उतरती असेल आणि भार ४ मीटर उंचीवर असेल, तर तो सुमारे ३५ सेंमी बाजूस सरकलेला असतो. म्हणून भार वाहताना काटे जमिनीपासून साधारण ३० सेंमी उंचीवर, मास्ट किंचित मागे कललेला, आणि थप्पीसमोर यंत्र सरळ व स्थिर उभे राहिल्यावरच भार वर, हा क्रम मोडू नये. भार उंच धरून वळणे सर्वथा वर्ज्य आहे. चढावर भारासह जाताना भार चढाच्या बाजूस ठेवावा व उतरताना यंत्र मागे चालवत आणावे. उतारावर वळू नये.

तिसरी बाब भारमध्याची. ‘२,५०० किलो, ५०० मिमी भारमध्य’ असे लिहिलेले असते, तेव्हा भाराचा मध्य काट्याच्या उभ्या पाठीपासून अर्ध्या मीटरवर आहे असे गृहीत असते. दोन गाठी एकापुढे एक घेतल्याने हा मध्य १ मीटरवर गेला आणि पुढील अ‍ॅक्सलपासून काट्याची पाठ अर्धा मीटर पुढे असेल, तर क्षमता ढोबळमानाने १,६५० किलोंच्या आसपास उतरते. टेलिहँडलरमध्ये बूम पुढे सरकताच क्षमता याहून वेगाने घटते. यंत्रावरील भारतक्ता चालकास वाचता येणे म्हणूनच अनिवार्य आहे. तक्ता इंग्रजीत असल्यास त्याचे स्थानिक भाषेतील रूप चालक-कक्षात लावावे. विस्तार कार्यकर्त्यांनी या कामी साहाय्य करावे.

सूक्ष्म नियंत्रण

थप्पीपासून शेवटचे अर्धा मीटर अंतर कापताना यंत्राची खरी परीक्षा होते. हायड्रोस्टॅटिक प्रसारण असलेले यंत्र मुंगीच्या पावलाने सरकवता येते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या यंत्रांत हेच काम इंचिंग पेडल करते. सुकाणूवरून हात न काढता पुढे-मागे दिशा बदलणारी लिव्हर असल्यास फेरीचा वेळ वाचतो. काटे डावी-उजवीकडे सरकवण्याची सोय असेल, तर यंत्र दहा सेंमी चुकले म्हणून पुन्हा मागे घ्यावे लागत नाही. टेलिहँडलरचा बूम पुढे जात असल्याने ट्रकच्या पलीकडील बाजूच्या गाठी एकाच बाजूने उतरवता येतात आणि ट्रकभोवती फिरण्याची गरजच उरत नाही. ज्या आवारात वळण्यास जागा कमी आहे, तेथे बूमची पोच ही वळणक्षमतेची पूर्ती ठरते.

मोठी गाठ पुढे असली की चालकास समोरचे दिसत नाही. अशा वेळी मागे चालवत जाणे किंवा इशारा देणारा साहाय्यक नेमणे हाच मार्ग. टेलिहँडलरमध्ये बूम खाली असताना उजवी बाजू झाकली जाऊ शकते. त्या बाजूस आरसा किंवा कॅमेरा असावा.

आवाराची आखणी

वळणक्षमता ही निम्मी यंत्रात आणि निम्मी आवारात असते. ४,५०० टनांच्या केंद्राचे उदाहरण पुन्हा घेऊ. ६० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच अशा एका थप्पीत ३,००० घनमीटर, म्हणजे दर घनमीटरला १५० किलो धरल्यास ४५० टन, पेंढा राहतो. अशा १० थप्प्या लागतील व त्यांच्यामध्ये ९ वाटा येतील. लहान वळणाच्या यंत्रामुळे प्रत्येक वाट ३ मीटरने कमी करता आली, तर १,६२० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १६ गुंठे, जागा वाचेल. हा हिशेब आकर्षक आहे. परंतु येथे थांबावे लागते. पेंढ्याच्या दोन थप्प्यांमधील अंतर केवळ यंत्रासाठी नसते, ते आग एका थप्पीवरून दुसरीवर जाऊ नये आणि अग्निशमन बंब आत यावा यासाठीही असते. हे अंतर स्थानिक अग्निशमन विभागाने सांगितल्याप्रमाणेच ठेवावे. लहान वळणाचे यंत्र घेतले म्हणून ते कमी करू नये.

मग लहान वळणाचा लाभ कोठे? तो फाटकाशी, वजनकाट्याजवळ, शेडच्या दारात, ट्रक उभा राहतो त्या जागी आणि शेतातील बांधाच्या कोपऱ्यावर मिळतो. या पाच ठिकाणांची रुंदी मोजून कागदावर मांडावी व त्यानुसार यंत्र निवडावे. वळणाच्या जागा घट्ट मुरमाच्या किंवा काँक्रीटच्या कराव्यात, कारण चाके जागेवर वळतात तेथेच खड्डे पडतात. पाण्याचा निचरा, वरून जाणाऱ्या वीजतारा आणि पायी चालणाऱ्यांची स्वतंत्र वाट यांचाही आराखड्यात समावेश असावा. विजेच्या तारांखाली थप्पी रचूच नये. इंजिनाभोवती व धुराड्याजवळ साचणारा पेंढ्याचा भुसा प्रत्येक पाळीत साफ करावा, ठिणगीरोधक बसवावा आणि यंत्रावर अग्निशामक नळकांडे ठेवावे.

महाराष्ट्रासाठी विचार

उत्तरेकडील गाळाची जमीन आणि आपली काळी जमीन यांत मोठा भेद आहे. काळी माती ओली असताना फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. चार चाकी गती असलेले यंत्रही मग घसरते. भारासह यंत्राचे बहुतांश वजन पुढील अ‍ॅक्सलवर येत असल्याने ओल्या शेतात ते नेणे म्हणजे पुढील हंगामासाठी जमीन दाबून ठेवणे होय. म्हणून यंत्र शक्यतो शेताच्या कडेच्या पक्क्या वाटेवर ठेवावे, शेतातून गाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीने कडेला आणाव्यात आणि शेतात उतरावेच लागले तर येण्याजाण्याची एकच वाट ठरवून घ्यावी. उसाच्या पाचटाच्या गाठी, कापसाच्या पऱ्हाट्या, कांद्याच्या गोण्या, फळांचे क्रेट अशी विविध कामे असलेल्या अवजारे बँकेने काटे, ग्रॅबर व बकेट बदलता येतील असे यंत्र पाहावे. हंगामात काही आठवडे चालणाऱ्या यंत्राची गुंतवणूक वर्षभराच्या कामावरच भरून निघू शकते. बंदिस्त पॅकहाउसमध्ये मात्र धूर सोडणारे हे मोठे यंत्र नेऊ नये. आत साधी विजेवरील फोर्कलिफ्ट आणि बाहेर खडतर जमिनीवरील यंत्र अशी विभागणी करावी.

खरेदी किंवा भाड्याने घेण्यापूर्वीची चाचणी

प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या काँक्रीट आवारात न घेता आपल्या जागेवर, आपल्याच गाठींसह घ्यावे. त्या वेळी पुढील मुद्दे नोंदवावेत.

१. आवारातील सर्वांत अरुंद जागी भारासह एकाच दमात वळता येते का. न आल्यास किती वेळा मागेपुढे करावे लागते.
२. वळताना शेपटी व गाठीचे टोक किती बाहेर जाते. जमिनीवर चुन्याची रेघ मारून मोजावे.
३. जमीन पाणी शिंपडून ओली केल्यावर रिकाम्या व भरलेल्या दोन्ही अवस्थांत यंत्र वळते का.
४. वळणाची पद्धत बदलताना चाके सरळ झाल्याची खूण चालकास दिसते का.
५. थप्पीसमोरील शेवटचे अर्धा मीटर अंतर धक्क्याविना कापता येते का.
६. भारतक्ता, भारमध्य व पूर्ण उंचीवरील क्षमता लेखी मिळाली आहे का.
७. उलटल्यास संरक्षण देणारी चौकट, सीटबेल्ट, मागे जाताना वाजणारा भोंगा व आरसे जागेवर आहेत का.
८. सुटे भाग व दुरुस्ती हंगामात किती वेळात मिळेल.

चालकास एक सूचना ठामपणे द्यावी. यंत्र कलंडू लागल्यास उडी मारू नये; सीटबेल्ट लावलेला ठेवून, सुकाणू घट्ट धरून चौकटीच्या आतच राहावे. उडी मारणारा चालक बहुधा त्याच बाजूस पडतो, ज्या बाजूस यंत्र कोसळत असते.

पेंढा जाळण्याचा प्रश्न केवळ प्रबोधनाने सुटणार नाही. शेत वेळेवर मोकळे करून देणारी व्यवस्था उभी राहिली तरच तो सुटेल. त्या व्यवस्थेत उचल-यंत्र हा महागडा व जोखमीचा घटक आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि अवजारे बँकांना सल्ला देताना क्षमतेच्या आकड्याशेजारी आवाराचा मोजलेला नकाशा, जमिनीची अवस्था आणि प्रशिक्षित चालक या तीन बाबींची नोंद आवर्जून करावी. हंगाम सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरमध्येच, आवारात चुन्याच्या रेघा आखून एक दिवसाचे वळण-प्रात्यक्षिक घेतल्यास कोणते यंत्र योग्य, कोठे मुरूम टाकावा आणि कोणता खांब हलवावा, हे सर्व वेळेआधी कळून येईल.